आईच्या हाताला लिम्फेडिमाची सूज आहे. फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

(तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५८, दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन. आता डावा हात सुजलाय. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. घरी क्रेप बँडेज बांधता आणि तिला कुठल्या कामाला हात लावू देत नाही.)

पडतो. मी डॉक्टर नाही. सोलापुरात राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे. माझं ऑपरेशन २०१६ साली झालं आणि साधारण चौदा महिन्यांनी डावा हात सुजला. तेव्हापासून हा हात आणि मी असा संसार चालू आहे.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. हा आजार मुळापासून जात नाही. पण ‘सवय करून घ्या’ हेही मला पटत नाही. मलाही एका डॉक्टरांनी हेच ऐकवलं होतं, आणि वर ‘हात जपा’ म्हणाले होते. मी तो इतका जपला की वर्षभर तांब्या उचलला नाही. सुनेने भाकरीचं पीठ मळायचं, नवऱ्याने पाण्याची कळशी भरायची, मी सोफ्यावर उशीवर हात ठेवून टीव्ही बघायचा. त्या वर्षात सूज वाढली, वजन नऊ किलोने वाढलं आणि खांदा आखडला तो वेगळाच. तुमच्या घरी हेच चाललंय असं वाटलं, म्हणून एवढं लांब लिहायला बसले.

काखेतल्या गाठी म्हणजे हातातून परत फिरणाऱ्या पाण्याची दारं, असं समजा. हे पाणी म्हणजे लिम्फ, आणि ते तुंबून आलेली सूज म्हणजे लिम्फेडिमा. माझं माहेर माळशिरसकडचं. वडील रात्री उसाला दारं धरायला जायचे. सरीत पाणी तुंबलं तर मागे उभं राहून उपसत बसण्यात अर्थ नसतो, पुढचं दार मोकळं करावं लागतं. फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी नेमकं तेच केलं. सूज डाव्या हाताला, आणि ही मुलगी माझ्या मानेवरून हात फिरवते, मग उजव्या काखेत, मग छातीवरून आडवं. हाताकडे शेवटी आली. मला वाटलं, हिला कुणी चुकीची चिठ्ठी तर दिली नाही ना! पण डाव्या काखेतली वाट बंद म्हणजे पाणी दुसऱ्या वाटेने वळवायचं, आणि त्यासाठी ती वाट आधी मोकळी हवी.

हा मसाज फार हलका असतो. त्वचा जरा सरकेल, बस्स. लिम्फच्या बारीक नळ्या त्वचेच्या लगेच खाली असतात, त्या जोराने दाबल्या तर उलट मिटतात. व्होडर नावाच्या डॅनिश जोडप्याने १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली. शेजारच्या काकू तीळतेल घेऊन रगडायला आल्या तर त्यांना चहा पाजून परत पाठवा.

पण नुसत्या मसाजवर पैसे घालवू नका. खरं काम करतं ते बँडेज. आणि ते म्हणजे तुम्ही बांधताय ते क्रेप नव्हे. क्रेप बँडेज रबरासारखं खूप ताणतं, बसल्या जागीही दाबत राहतं, आणि वर कोपरापाशी घट्ट झालं तर बोटं फुगतात. इथे लागतं ते कमी ताणणारं, ‘शॉर्ट स्ट्रेच’ म्हणतात ते. त्याच्या आतून स्नायू हलला की बँडेज मागे सरत नाही, त्यामुळे दर हालचालीला पाणी वर ढकललं जातं. म्हणजे ते बांधून हात हलवायचा असतो, उशीवर ठेवायचा नसतो. आत सुती मोजा, बोटांना वेगळ्या पट्ट्या, मग कापसाचा किंवा फोमचा थर, त्यावर हे. बोटांकडे दाब जास्त, दंडाकडे कमी.

माझी तीन आठवडे रोज बांधणी झाली. आंघोळीपुरतं सोडायचं, पुन्हा बांधायचं. त्या दिवसांचं कौतुक करणार नाही. मार्चचा सोलापूर, हात नारळाएवढा, झोप नाही. चौथ्या दिवशी मी रडले. नवऱ्याचं किराणा दुकान, पोत्यांची तोंडं आवळण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी घरी बांधायला घेतलं आणि पहिल्याच खेपेला माझी बोटं निळी पडली. दोनदा थेरपिस्टपुढे बसून शिकले, तेव्हा कुठे हात बसला. आता माझ्यापेक्षा तेच चांगलं बांधतात आणि पाहुण्यांना सांगतातही. तीन आठवड्यांनी माझ्या दोन्ही हातांच्या मनगटावरच्या घेरातला फरक चार सेंटिमीटरवरून दीडवर आला. तिथून पुढे स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही.

स्लीव्ह मापाची हवी. दुकानात ‘मीडियम घ्या’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. हाताचा पंजाही सुजला असेल तर पंजाचा भाग असलेली लागते, नाहीतर सगळी सूज पंजात येऊन बसते. दोन असाव्यात, एक धुवायची, एक घालायची. साधारण सहा महिन्यांत ढिली पडते, मग ती नुसती शोभेची. सूज उतरवून मगच माप द्यायचं, हे विसरू नका. माझी पहिली स्लीव्ह सुजलेल्या हाताच्या मापाने शिवून आली आणि महिन्यात कपाटात गेली. पैसे गेले ते गेलेच.

आता व्यायाम. मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती. गाठी काढलेल्या बायकांनी जड उचलू नये, हातावर ताण देऊ नये, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं सांगत आले. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना एका लांब नावेत बसवून वल्ही मारायला लावली. त्यांच्यातल्या एकीलाही नव्याने लिम्फेडिमा झाला नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांनी आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजनं उचलली. वर्षाच्या शेवटी त्यांची सूज वाढली नव्हती, उलट हात बिघडण्याचे प्रसंग दुसऱ्या गटापेक्षा कमी होते. त्या बायका देखरेखीखाली, स्लीव्ह घालून आणि अगदी हलक्यापासून सुरुवात करून उचलत होत्या, हेही सांगायला हवं. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात केली. आता दोन किलोचा डंबेल उचलते. त्याआधी पाच मिनिटं पोटातून खोल श्वास. त्यानेही लिम्फ वर खेचलं जातं.

त्वचेचं मात्र कडक सांभाळा. माझा हात एकदा विळीवर जरासा कापला. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत लाल, गरम, थंडी वाजून ताप. हा जंतुसंसर्ग, सेल्युलायटिस. त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं, ‘सोमवारी बघू’ चालत नाही, आणि तेवढ्या दिवसांत मसाज, बँडेज डॉक्टर सांगेपर्यंत बंद. प्रत्येक अशा झटक्याने राहिलेल्या नळ्या आणखी खराब होतात. म्हणून भांडी घासताना हातमोजे, रात्री साधं मॉइश्चरायझर, जखम झाली की लगेच साबणपाणी. जळवा, गरम शेक, कसले लेप यांच्या नादी लागू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही ही सूज उतरत नाही, कारण यात नुसतं पाणी नाही, प्रथिनंही साठलेली असतात.

आणि एक गोष्ट फिजिओकडे जाण्याच्या आधीची. सूज अचानक वाढली, हात दुखायला लागला, बोटांतली ताकद गेली, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. कधी रक्ताची गुठळी असते, कधी आजार परत डोकं वर काढत असतो. हृदयाचा त्रास असेल तर तोही आधी सांगायचा.

सूज किती सेंटिमीटर, हे टेपने मोजता येतं. मी दर एक तारखेला मोजते, वहीत लिहिते. पण माझं जगणं टेपच्या बाहेरच जास्त अडलं होतं. ब्लाउजची बाही चढेना. शेवटी शिंप्याने डावी बाही मोठी शिवून दिली आणि कुणाला कळलंही नाही. हे मला पहिल्या वर्षी का सुचलं नाही कोण जाणे. हळदीकुंकवाला गेलं की ‘अगं, एक हात रिकामा?’ बांगडी फुटून लागायला नको म्हणून डाव्या हातात मी काही घालत नाही. आधी पदराखाली लपवायचे, आता सरळ सांगते. एका चकरेत माझ्या थेरपिस्टने एक प्रश्नावली भरून घेतली. त्यात झोप, कपडे, मनःस्थिती, आवडीची कामं असं सगळं होतं. ती भरताना मला कळलं की मी दोन वर्षांत एकदाही रांगोळी काढली नव्हती. हात दुखतो म्हणून नाही, कुणी बघेल म्हणून. पुढचे दोन महिने आमचं उद्दिष्ट सेंटिमीटर नव्हतं, रांगोळी होतं.

थेरपिस्ट शोधताना मोठ्या कॅन्सर रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात विचारा आणि दोन प्रश्न नक्की करा: शॉर्ट स्ट्रेच बँडेज वापरता का, आणि घरच्यांना बांधायला शिकवता का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जा. रोज कुणी दुसरं येऊन बांधेल यावर आयुष्य काढता येत नाही. नुसतं हाताभोवती फुगून दाबणारं मशीन लावून पाठवत असतील तरी तेच. मशीन जोडीला ठीक, एकटं पुरत नाही.

थेरपिस्टची वेळ मिळायला आठवडा-दोन आठवडे जातील. तोवर क्रेप बँडेज सोडून ठेवा आणि आईला पोळ्या लाटू द्या. वीस नकोत, चार पुरेत. हात जड वाटला की थांबायचं, हे तिचं तिलाच ठरवू द्या, तुम्ही दारात उभे राहून मोजू नका.