ढोल-ताशाचं शूटिंग करताना आवाज फाटतो, महागडा माइक घेऊ का?

तुमच्या मिररलेस कॅमेऱ्यावर छोटा शॉटगन माइक आहे, पथकाच्या वादनात आवाज फाटतो आणि एडिटिंगमध्ये कमी केला तरी फाटकाच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. माइक लगेच घेऊ नका. आवाज नेमका कुठे फाटतो ते आधी शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो.

क्लिप प्रथम हेडफोनवर ऐका. फोनचा स्पीकर चांगल्या रेकॉर्डिंगचीही वाट लावतो. मग ऑडॅसिटी या आवाज एडिट करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ताशाच्या एखाद्या ठोक्यावर झूम करा. लहरीचे शेंडे ० डेसिबलच्या (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल मर्यादेच्या) रेषेवर कापल्यासारखे सपाट दिसले, तर कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते सेटिंग, जास्त होता. (काही कॅमेऱ्यांत आवाज कॉम्प्रेस होतो, तिथे शेंडे किंचित खडबडीत दिसतील.) शेंडे सपाट आहेत, पण –८ किंवा –१० वरच थांबलेत, तर आवाज त्याच्या आधीच फाटला: माइकमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात. आणि प्रत्येक मोठ्या ठोक्यानंतर बाकीचं वादन दबून हळूहळू वर येत असेल, तर तो ऑटो गेनचा खेळ आहे, म्हणजे कॅमेरा स्वतःच गेन कमी-जास्त करतोय.

ऑटो गेन आधी बंद करा. मॅन्युअलवर जाऊन सर्वांत मोठा ठोका –१२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन ठेवा. इथे बहुतेकांची गफलत होते ती वेळेची. सुरुवातीच्या संथ तालावर लेव्हल लावली, की सगळे ढोल एकत्र पडल्यावर मीटर लाल होणारच. पथक पूर्ण जोरात असतानाच लेव्हल लावा. ताशाचा ठोका इतका क्षणिक असतो की मीटर तो पूर्ण दाखवेलच असं नाही, म्हणून ही १२ डेसिबलची जागा लागते. आवाज बारीक आला तर नंतर वाढवता येतो. इतक्या गोंगाटात खरखर ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट माइकवरच्या, सिग्नल वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या (+२०, –१० डेसिबल) स्विचची. ‘माइकवर +२० ठेवा आणि कॅमेऱ्याचा गेन खाली आणा’ हा सल्ला मुलाखतीसाठी उत्तम आहे, ढोल-ताशासाठी घातक. माइकमधून आलेला जोरदार सिग्नल गेन लागू होण्याआधीच कॅमेऱ्याच्या इनपुटला फाडू शकतो, मग मेनूत गेन कितीही उतरवा. +२० बंद करा, –१० असेल तर लावा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत अटेन्युएटर (जोरदार आवाज दाबणारं सेटिंग) मिळतो, तोही चालू करा. फोनवर शूट करत असाल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲपमध्ये लेव्हल हाताने लावता येते.

एवढं करूनही शेंडे ० च्या बरेच खाली सपाट होत असतील, तर माइकचीच क्षमता संपली. त्याच्या माहितीपत्रकात कमाल एसपीएल पाहा, म्हणजे हवेतला किती मोठा आवाज माइक न फाटता झेलतो तो आकडा (हे डेसिबल मीटरवरच्या डेसिबलपेक्षा वेगळे). लहान हँडी रेकॉर्डरचे अंगचे माइक साधारण १२० ते १२५ डेसिबलपर्यंत तग धरतात, आणि ताशाच्या रांगेला खेटून उभं राहिलं की ठोके तिथवर सहज पोचतात. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (गेन चुकला तरी नंतर लेव्हल सावरता येते असा) घेतला म्हणजे सुटलो, असं समजू नका: तो गेनची चूक सांभाळतो, माइकमध्येच फाटलेला आवाज नाही. इथे सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागे सरकणं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे २ मीटरवरून ८ मीटरवर गेलात तर १२. अरुंद गल्लीत भिंतींमुळे फरक कमी पडतो. जवळूनच हवं असेल तर शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक वेगळ्या रेकॉर्डरला जोडा. त्यात इलेक्ट्रॉनिक्सच नसल्याने तो ढोलाला पुरून उरतो. माइकच्या भोकावर चिकटपट्टी लावू नका, ताशाची धार जाते आणि ढोलाची घुमार तशीच राहते.

वादन चालू असताना हेडफोनवर फाटलेला आवाज ओळखता येत नाही, बाहेरचा दणदणाट आत येतोच. २० सेकंद रेकॉर्ड करा, बाजूच्या गल्लीत जाऊन ऐका, मग पुढचं शूटिंग करा.

आधीच्या क्लिपवर ऑडॅसिटीचा ‘क्लिप फिक्स’ वापरून पाहा. मोजकेच ठोके फाटले असतील तर बराच फरक पडतो. सलग फाटलेलं वादन मात्र त्याने सुधारत नाही.