खेळात राजकारण आधी कोणी आणलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत येऊन वर्ष झालं, रविवारी ऑफिसातल्या मंडळींबरोबर अमेरिकन फुटबॉल बघायला लागलात, आणि राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या कॉलिन कॅपर्निक या फुटबॉलपटूचं नाव निघालं की निम्मे जण गप्प होतात, निम्मे तावातावाने बोलतात. खेळाडू आणि गायक राजकारणात पडतात कशाला, त्याने एका मताचा तरी फरक पडतो का, आणि आपण बघणाऱ्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. वर दोघा-तिघांनी 'खेळाडूने खेळावं, नसत्या भानगडीत पडू नये' असं उत्तर दिलंय. मला ते अजिबात पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो. मी जॉर्जियात राहतो, अटलांटाच्या ईशान्येला ग्विनेट काउंटीत, त्यामुळे उदाहरणं इकडचीच जास्त येतील.

पहिली गोष्ट म्हणजे मैदान आधी कोरं होतं आणि खेळाडूंनी येऊन ते बिघडवलं, असं झालेलं नाही. सामन्याच्या वेळी 'स्टार स्पँगल्ड बॅनर' हे अमेरिकेचं आजचं राष्ट्रगीत वाजवण्याच्या प्रथेचं मूळ सहसा १९१८च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये सांगितलं जातं. पहिलं महायुद्ध चालू होतं, शिकागोत बँडने मधल्या विश्रांतीत ही धून वाजवली आणि लोक उठून उभे राहिले. तेव्हा ते राष्ट्रगीतही नव्हतं, अधिकृत दर्जा मिळाला तो १९३१ साली. पुढे १९९१च्या जानेवारीत, आखाती युद्ध पेटलेलं असताना, टँपाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि त्याची रेकॉर्ड लाखांनी खपली. २०१५ साली तर जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन रिपब्लिकन सिनेटरांनीच अहवाल काढून दाखवून दिलं, की सैनिकांचा मैदानावरचा सत्कार, भला मोठा झेंडा पसरणं वगैरे कार्यक्रमांसाठी संरक्षण खात्याने संघांना लाखो डॉलर मोजले होते. त्यावर एनएफएलने, म्हणजे फुटबॉलच्या लीगने, सात लाखांहून जास्त डॉलर परत केले. आणि स्टेडियम? आमच्या अटलांटातलं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम बांधताना शहराने हॉटेल-कराच्या जोरावर वीस कोटी डॉलरचे रोखे काढले. नगरपालिका पैसे घालते, लष्कर पैसे घालतं, मालक दोन्ही पक्षांना देणग्या देतात, आणि त्याला कोणी राजकारण म्हणत नाही. जर्सी घातलेला माणूस तोंड उघडतो तेव्हाच सगळ्यांना राजकारण दिसायला लागतं. माझा सगळा राग इथे आहे.

कॅपर्निकचं प्रकरण तुम्हाला वरवर माहीत आहे, म्हणून एकच बाजू सांगतो. ऑगस्ट २०१६मध्ये पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंचा निषेध म्हणून तो राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहायचा. मग लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमधला माजी सैनिक आणि काही काळ फुटबॉल खेळलेला नेट बॉयर त्याला भेटला. बसण्यापेक्षा एक गुडघा टेक, आम्ही सैनिक पडलेल्या साथीदाराच्या थडग्यासमोर तसेच टेकतो, असं त्याने सुचवलं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला सॅन डिएगोत कॅपर्निक आणि त्याच्याच संघातला एरिक रीड गुडघ्यावर आले. म्हणजे ज्याला सैन्याचा अपमान म्हणून झोडपलं गेलं, ती कल्पना एका सैनिकाचीच. ऑफिसात हा विषय निघाला की एवढं जरूर सांगा, बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं.

त्याची किंमत त्याने मोजली. २०१७च्या मार्चमध्ये तो करारातून मोकळा झाला आणि नंतर एकाही संघाने त्याला घेतलं नाही. त्याच सप्टेंबरात अलाबामातल्या सभेत अध्यक्ष ट्रम्प यांनी असल्या खेळाडूंना हाकलून द्या असं मालकांना जाहीर सांगितलं. पुढच्या रविवारी दोनशेहून जास्त खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर आले, पण दोन-चार आठवड्यांत ती लाट ओसरली. फुटबॉलच्या करारातला बराचसा पैसा पक्का नसतो, एका संघात ५३ जण असतात, आणि ज्याला काढलं त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी कोणीतरी उभा असतो. अशा ठिकाणी एकट्या माणसाचा बळी द्यायला वेळ लागत नाही. गायकांचंही तेच. १० मार्च २००३ला, इराक युद्धाच्या तोंडावर, डिक्सी चिक्स या कंट्री गटाच्या नॅटली मेन्सने लंडनच्या कार्यक्रमात सांगितलं, की अध्यक्ष (जॉर्ज बुश) आमच्या टेक्ससचे आहेत याची लाज वाटते. त्यांचं गाणं तेव्हा कंट्रीच्या यादीत पहिलं होतं. बघता बघता रेडिओवरून त्या गायब झाल्या आणि लुइझियानात लोकांनी त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. तुमच्या प्रश्नात बायकांच्या बास्केटबॉलचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, उल्लेखच नाही. तो कोणाच्याच प्रश्नात नसतो, आणि खरी गोष्ट तर तिथेच घडली आहे.

कॅपर्निकच्या आधी काही आठवडे, ९ जुलै २०१६ला, मिनेसोटा लिंक्सच्या मुली सरावाला काळे टी-शर्ट घालून आल्या. त्या आठवड्यात मिनेसोटात फिलांडो कॅस्टील आणि लुइझियानात ऑल्टन स्टर्लिंग पोलिसांच्या गोळीने मेले होते, आणि डॅलसमध्ये एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना मारलं होतं. शर्टाच्या पाठीवर त्या दोघांची नावं होती, 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' (कृष्णवर्णीयांचे जीवही मोलाचे) ही घोषणा होती, आणि त्याच पाठीवर डॅलस पोलिसांचं बोधचिन्हही होतं. दोन्ही शोक एकाच कापडावर. तरीही बंदोबस्ताला आलेले, ड्यूटीबाहेरचे चार पोलीस काम सोडून निघून गेले. मग न्यूयॉर्क, फिनिक्स, इंडियानाच्या संघांनीही काळे शर्ट घातले. लीगने या तीन संघांना प्रत्येकी ५००० आणि त्यांच्या खेळाडूंना प्रत्येकी ५०० डॉलर दंड ठोकला. मुलींनी सामन्यानंतर खेळाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देणंच बंद केलं, फक्त या विषयावर बोलायच्या. काही दिवसांत दंड मागे घेतला गेला. यातल्या बऱ्याच जणींचा वर्षाचा पगार पुरुषांच्या लीगमधल्या बड्या खेळाडूच्या एका सामन्याच्या कमाईइतकाही नव्हता, हिवाळ्यात त्या रशिया-तुर्कस्तानात खेळून घर चालवायच्या. त्यांच्यासाठी ५०० डॉलर ही लहान रक्कम नव्हती.

लिंक्सच्या त्या दिवसाच्या पत्रकार परिषदेत माया मूर होती. आमच्याच काउंटीतल्या कॉलिन्स हिल हायस्कूलची ही मुलगी, लिंक्सकडून चार विजेतेपदं, २०१४ची सर्वोत्तम खेळाडू. २०१९ला ऐन भरात, तिशीच्या आत, तिने खेळ थांबवला. मिसुरीत जोनाथन आयर्न्स नावाचा माणूस सोळाव्या वर्षी घडलेल्या प्रकरणासाठी ५० वर्षांची शिक्षा भोगत होता, आणि त्याच्या बाजूचा ठशांचा पुरावा बचाव पक्षाला दिलाच गेला नव्हता. मायाने त्याच्या खटल्याला स्वतःला वाहून घेतलं. मार्च २०२०मध्ये न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली, १ जुलैला तो तुरुंगातून बाहेर आला आणि फाटकाबाहेर ती होती. पुढे दोघांनी लग्न केलं. ती परत कधी लीगमध्ये खेळली नाही. खेळाडूंचं राजकारण म्हणजे नुसता दिखावा असं कोणी म्हटलं, की मला हिचंच नाव आठवतं.

आता २०२०. अटलांटा ड्रीम या संघाच्या सहमालक केली लेफलर. राज्यपाल ब्रायन केम्प यांनी नेमल्यामुळे त्या जानेवारीत सिनेटच्या रिकाम्या जागेवर, रिपब्लिकन म्हणून, आल्या होत्या आणि नोव्हेंबरात त्यांना त्याच जागेसाठी निवडणूक लढवायची होती. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या मृत्यूनंतर लीगने तो मोसम सामाजिक न्यायाला वाहायचं ठरवलं. तेव्हा लेफलरबाईंनी कमिशनरना पत्र लिहून विरोध केला, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरऐवजी प्रत्येक जर्सीवर अमेरिकेचा झेंडा लावा असं सुचवलं, आणि खेळात राजकारण नको असं सांगितलं. हे सांगणारी व्यक्ती स्वतः सिनेटर, स्वतः उमेदवार, आणि त्याच संघाची मालक. खेळाडू आपल्याच मालकिणीच्या पगारावर.

आधी युनियनने त्यांना लीगबाहेर काढा अशी मागणी केली. मग मुलींच्या लक्षात आलं, की आपण जितकं त्यांचं नाव घेतो तितका त्यांच्या प्रचाराला फायदा होतो. म्हणून त्यांनी नाव घेणंच सोडलं. विरोधात बोलण्यापेक्षा विरोधातल्या उमेदवाराच्या मागे उभं राहू, ही कल्पना सिअ‍ॅटलच्या सू बर्डची. पण त्यांनी डोळे झाकून पाठिंबा दिला नाही. मार्टिन ल्यूथर किंग ज्या इबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन करायचे तिथले पाद्री राफेल वॉर्नॉक डेमोक्रॅट म्हणून उभे होते, मतचाचण्यांमध्ये बरेच मागे. कोविडमुळे सगळी लीग फ्लोरिडातल्या ब्रेडंटनला एका आवारात कोंडलेली होती. तिथून खेळाडूंनी झूमवर त्यांना प्रश्न विचारले, त्यांची मतं तपासली, आणि मगच ठरवलं. ४ ऑगस्टला ड्रीम आणि फिनिक्सचा सामना देशभर टीव्हीवर दिसणार होता. दोन्ही संघ काळ्या शर्टांत आले, छातीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'व्होट वॉर्नॉक'. पुढच्या दोन दिवसांत वॉर्नॉकच्या प्रचाराला दीड लाखाहून जास्त डॉलर आले.

माझी मुलगी तेव्हा शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळायची. तिच्याबरोबरच्या बऱ्याच मुलींना आपला सिनेटर कोण हे माहीत नव्हतं, पण तो शर्ट सगळ्यांना माहीत होता, आणि त्या घरी जाऊन आईवडिलांना विचारायच्या, तुमचं मत नोंदवलंय का? नोव्हेंबरात कोणालाच ५० टक्के मिळाले नाहीत, म्हणून ५ जानेवारी २०२१ला फेरनिवडणूक झाली. त्या डिसेंबरात आमची टपालपेटी रोज प्रचारपत्रकांनी भरायची, आणि मराठी मित्रमंडळात ज्यांनी कधी निवडणुकीचा विषय काढला नव्हता ते एकमेकांना लवकर मतदान कुठे करायचं ते विचारत होते. सुमारे ४५ लाख मतं पडली, वॉर्नॉक सुमारे ९३ हजारांनी जिंकले. त्याच दिवशी जॉन ऑसॉफही निवडून आले, आणि सिनेटमध्ये ५०-५० झाल्याने उपाध्यक्षांच्या मताने बहुमत डेमोक्रॅट्सकडे गेलं.

हे सगळं एका टी-शर्टाने केलं असं मी म्हणणार नाही. इथे मतदार-नोंदणीचं काम कितीतरी वर्षं चाललं होतं, त्याचं श्रेय दारोदार फिरलेल्या माणसांचं. पण मागे पडलेल्या उमेदवाराला ऐन वेळी नाव आणि पैसा मिळाला, तो या मुलींमुळे. फेब्रुवारीत संघ विकला गेला. नव्या मालकांत रेने माँटगोमेरी होती, ड्रीमचीच माजी खेळाडू, जिने २०२०चा मोसम याच कामासाठी सोडला होता.

टेलर स्विफ्टबद्दल विचारलंत. सप्टेंबर २०२४ला तिने कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, तिच्या दुव्यावरून एका दिवसात चार लाखांहून जास्त लोक सरकारी मतदार-नोंदणीच्या पानावर गेले, आणि हॅरिस हरल्या. मी तिला दोष देत नाही. पण आभाळाएवढ्या तारकेने आख्ख्या देशाला केलेलं आवाहन, आणि डब्ल्यूएनबीएच्या १४४ खेळाडूंच्या लीगने एका राज्यातल्या एका जागेसाठी, उमेदवाराला पारखून, अंगावर घातलेलं नाव, यांत फरक आहे. शिवाय १४४ जणी एकत्र असल्या की कोणाला काढणार? लीगच बंद पडेल.

सगळंच मला पटतं असं नाही. जॉर्जियाच्या नव्या मतदान कायद्याचा निषेध म्हणून २०२१चा ऑल-स्टार सामना बेसबॉलच्या कमिशनरनी अटलांटातून डेन्व्हरला हलवला. कायदा मलाही चुकीचा वाटला. पण तो निर्णय वरून आला आणि भुर्दंड पडला हॉटेलात, टॅक्सीवर, स्टॉलवर काम करणाऱ्या इथल्याच लोकांना. ज्याला झळ बसणार त्याला विचारलं नाही, तर तो निषेध माझ्या मते अर्धवट.

बहिष्काराचं म्हणाल तर मी फुटबॉल बघणं सोडलेलं नाही आणि तुम्हीही सोडू नका. ऑफिसात वाद झाला तर समोरच्याला एवढंच विचारा, तुला त्याचं म्हणणं पटत नाही की त्याने ते त्या वेळी केलं हे? बहुतेक जण 'त्या वेळी' असं म्हणतात, आणि तिथून बोलणं पुढे जातं. आणि उन्हाळ्यात अटलांटाला आलात तर ड्रीमचा सामना नक्की बघा. ते बरेचसे सामने विमानतळाजवळ कॉलेज पार्कच्या छोट्या अरीनात खेळतात, जेमतेम साडेतीन हजार खुर्च्या, तिकीट फुटबॉलच्या मानाने फारच स्वस्त, आणि खेळाडू अगदी समोर दिसतात.