लेक पतपेढीत नाही चाललीय हो

एका वडिलांचं पत्र आलंय, थोडक्यात असं: मुलगी अमेरिकेत डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये मास्टर्स करतेय, जिथे इंटर्नशिप केली त्याच क्रेडिट युनियनने फ्रॉड डिपार्टमेंटमध्ये नोकरी देऊ केलीय. ‘एवढं कर्ज काढून शेवटी पतपेढी? मोठ्या बँकेत जा म्हणून रोज रात्री फोनवर सांगतो, ऐकत नाही. तुम्ही समजवा.’

नाही समजावणार. म्हणजे तिला नाही, तुम्हालाच दोन गोष्टी सांगतो.

तुमच्या पत्रात ‘लोकांना काय सांगू’ चार वेळा आलंय, मोजलं मी. आणि मध्येच कंसात एक ओळ टाकलीय की इंटर्नशिपमध्ये तिनं एका म्हाताऱ्या मेंबरचे पैसे ठगाच्या खात्यात जाताजाता थांबवले. कंसात! अहो, अशा केसमध्ये ठग बहुतेक वेळा फोनवरच असतो, काउंटरवर काय खोटं सांगायचं तेही पढवलेलं असतं, म्हातारा माणूस उलट बँकवाल्यांवरच चिडतो. त्याचा अपमान न करता ट्रान्सफर थांबवायची हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात सांगा मला. तिला हे जमलं आणि तुम्ही रोज रात्री फोन करून ती कशी चुकतेय ते ऐकवताय. आठवडाभर तो विषय बंद ठेवा, प्लीज.

आता तो पतपेढीचा गैरसमज. क्रेडिट युनियन मेंबरांच्या मालकीची असते हे खरं, पण फेडरल विम्याची असेल तर ठेवींना मेंबरमागे अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं आणि मनी लाँडरिंगचे मूळ नियमही मोठ्या बँकांसारखेच, १९७० च्या बँक सिक्रसी अ‍ॅक्टपासून चालत आलेले. एका दिवसात १०,००० डॉलरवर कॅश आली की सरकारकडे रिपोर्ट. तो टाळायला कोणी साडेनऊ-साडेनऊ हजार करून भरलं तर ते तुकडे पाडणं हाच गुन्हा. संशयास्पद व्यवहार दिसला की साधारण ३० दिवसांत वेगळा रिपोर्ट, आणि तो केलाय हे त्या मेंबरला सांगायचं नाही, रोज काउंटरवर हसून बोलत असला तरी! नियम तेच, माणसं मात्र मूठभर. मोठ्या बँकेत नवी पोरं कित्येकदा वर्षभर एकाच प्रकारचे अलर्ट क्लिअर करत बसतात. छोट्या ठिकाणी सकाळी केमिकलने शाई धुवून नाव बदललेला चेक, दुपारी सहज कमाईच्या नादात चोरीच्या पैशांसाठी खातं वापरू देणारा कॉलेजचा पोरगा, आणि संध्याकाळी सॉफ्टवेअर उगाच ओरडतंय म्हणून त्याच्या लिमिट बदलणं, सगळं त्याच दोन-तीन जणांच्या डोक्यावर. चोरांनाही हे ठाऊक असतं, छोटी जागा म्हणून ते सोडून देत नाहीत, उलट इथे पहारा कमी असेल अशा आशेनेच येतात.

एक बाजू मात्र तिनंही डोळे उघडे ठेवून बघावी. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे ओळखीमुळेच चोरी पकडली जाते आणि ओळखीमुळेच झाकलीही जाते. म्हणून तर बऱ्याच ठिकाणी स्टाफला वर्षातून सलग सुट्टी घ्यायला लावतात, माणूस खुर्चीवर नसला की त्याने दाबून ठेवलेली भानगड वर येते. उद्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर संशय आला तर तो वर कळवायची तयारी आहे का, हे तिनं स्वतःला विचारावं.

परीक्षांचं म्हणाल तर कॅम्स (मनी लाँडरिंग रोखण्याची) आणि सीएफई (फ्रॉड तपासाची), दोन्ही नोकरी करता करता होतात, आत्ता घाई नाही.

तुम्ही जे विचारायला हवं होतं ते राहिलंच, व्हिसा. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, डिग्री स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत असेल तर आणखी २४, पण त्यासाठी एम्प्लॉयर ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला लागतो. आणि एच-वन-बी, म्हणजे त्यापुढचा नोकरीचा व्हिसा, स्पॉन्सर करायची छोट्या संस्थांना सवय नसू शकते. हे तिनं ऑफर सही करायच्या आधी एचआरला ईमेलवर विचारावं, तोंडी नको. उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरीकडे अर्ज सुरू ठेवावेत, पण फ्रॉडच्याच कामासाठी. आणि तो ईमेल तिला लिहू द्या, तुम्ही ड्राफ्ट करून पाठवू नका.