वर्कहाऊसला अनाथाश्रम म्हणावं का?

प्रश्न : आमच्या वाचनगटात ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ चालू आहे. वर्कहाऊसला मराठीत अनाथाश्रम म्हटलं तर चालेल? आणि ऑलिव्हर या पोराने पळीभर पेज जास्त मागितली तर एवढा गहजब कशाला? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : अनाथाश्रम नको, वर्कहाऊसच ठेवा. वर्कहाऊस म्हणजे इंग्लंडात निराधारांना काम करून घेऊन अन्न-निवारा देणारी सरकारी जागा. तिथे म्हातारे, आजारी, बेकार धडधाकट माणसं, सगळेच येत. आणि दारातून आत गेलं की नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. इंग्लंडच्या १८३४च्या गरिबांसाठीच्या कायद्याचं सूत्रच असं होतं की आतलं जिणं बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराच्या जिण्याहून हलाखीचं हवं, म्हणजे नाइलाज झाल्याखेरीज कोणी पायरी चढणार नाही. अनाथाश्रम म्हटलं की यातली जरबच निघून जाते.

डिकन्सची कादंबरी १८३७पासून क्रमशः येऊ लागली तेव्हा कायदा ताजा होता. तिन्ही वेळा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा, रविवारी अर्धा पाव. वाडगे धुवायची वेळच येत नाही, पोरं चमच्याने खरवडून ते लख्ख करतात. अशा ठिकाणी ‘अजून द्या’ म्हणणं म्हणजे वर्कहाऊस चालवणाऱ्या समितीने ठरवलेला आहार पुरत नाही, असं तिला सुनावणं. गहजब त्याचा आहे.

मात्र परीक्षेत हा आहार इतिहास म्हणून उतरवू नका. सरकारी तक्त्यांत पाव, चीज, काही दिवशी मांसही असे. डिकन्सने मुद्दाम तिखट लावलंय. अर्थात तक्ता कागदावरचा. १८४५ साली अँडोव्हरच्या वर्कहाऊसात खतासाठी कुटायला दिलेली हाडंच माणसं चघळत होती, हे उघडकीला आलं.

मदत मुद्दाम तुटपुंजी ठेवायचा हा विचार आपल्याकडेही पोचला. १८७७च्या दुष्काळात इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले.

प्रश्न : ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या पौंड-पेन्सांचे आजचे रुपये कसे काढायचे? (कोथरूड, पुणे)

उत्तर : काढू नका, हाती काही लागत नाही. पुस्तकातल्याच दोन रकमा शेजारी ठेवा. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. वर्कहाऊसची लहान पोरं सांभाळणाऱ्या मिसेस मानकडे वाढणाऱ्या पोरामागे आठवड्याला साडेसात पेन्स मिळतात. ऑलिव्हरला घेऊन जाणाऱ्याला समिती पाच पौंड द्यायला तयार आहे, म्हणजे १२०० पेन्स : त्याच दराने १६० आठवड्यांचा, तीन वर्षांहून जास्त खर्च. एवढे मोजून समितीला तो डोक्यावरून उतरवायचाय. आणि त्या साडेसात पेन्समधलेही बरेचसे मिसेस मान स्वतःच्या खिशात घालते.