डेटा एंट्रीचा कोर्स की चॅट सपोर्टची नोकरी?

प्रश्न : मुलगी नुकतीच पदवीधर झाली. चॅट सपोर्टच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय. माझं मत, त्यापेक्षा सहा महिन्यांचा टायपिंग-डेटा एंट्रीचा कोर्स करून तिने ऑफिसची नोकरी बघावी. घरचे म्हणतात, एआयमुळे दोन्ही कामं जाणारच. काय करावं? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई. कोर्सची फी भरली नसेल तर भरू नका. मुलाखतीला मात्र तिला जरूर जाऊ द्या.

फॉर्मवरची माहिती बघून सिस्टीममध्ये चढवणं हे काम आता सॉफ्टवेअर करू लागलंय. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या अहवालात झपाट्याने घटणाऱ्या नोकऱ्यांच्या यादीत डेटा एंट्री क्लार्क आहेत, आणि प्रशासकीय सहायकसुद्धा. ऑफिसातली बैठी नोकरी म्हणजे निर्धास्त, हा हिशेब आता धरू नका.

चॅट सपोर्टही निर्धास्त नाही. ‘पासवर्ड विसरलो’, ‘पार्सल कुठे पोचलं’ असल्या प्रश्नांना बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम, पुरतो. क्लार्ना या पेमेंट कंपनीने 2024 मध्ये जाहीर केलं होतं की त्यांचा एआय सहायक 700 जणांचं काम करतो. पुढच्याच वर्षी, खर्च वाचवण्याच्या नादात दर्जा घसरल्याचं मान्य करून कंपनी पुन्हा माणसं घेऊ लागली. म्हणून जुन्या सगळ्या जागा परत येतील असं मात्र नाही.

माणसाकडे उरतात ती किचकट तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी. समजा, ग्राहक लिहितो, ‘दोन वस्तू परत केल्या, पैसे एकीचेच आले.’ सिस्टीम म्हणते, रिफंड पूर्ण. मग गोदामाची नोंद तपासा, पेमेंटची तपासा, दुसरी वस्तू कुठे अडकली ते शोधा, अकाउंट्सच्या मागे लागा. आणि तोवर चिडलेल्या माणसाला खोटं आश्वासन न देता थोपवून धरा. हे जिला जमतं, तिला पुढे बिलिंग, क्वालिटी, ऑपरेशन्स अशा बाजूंना सरकता येतं. चांगली प्रशासकीय नोकरी तरी वेगळं काय मागते?

अडचण एवढीच की नवखी मुलं पूर्वी सोप्या तिकिटांवर हात बसवायची, आणि नेमकी तीच आता बॉटकडे गेली. त्यामुळे फ्रेशर्सच्या जागा कमी आणि पहिल्याच महिन्यापासून अपेक्षा जास्त. दुसरीकडे, 5,000 हून अधिक सपोर्ट कर्मचाऱ्यांच्या एका अमेरिकी अभ्यासात, उत्तरं सुचवणारा एआय हाताशी आल्यावर नवख्यांचा कामाचा उरक 34 टक्क्यांनी वाढलेला दिसला. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. तेव्हा तिथे एआय वापरतात म्हणून ती कंपनी टाळू नका.

टायपिंगऐवजी तिने एक्सेल पक्कं करावं : फिल्टर, लुकअप, पिव्होट टेबल. घरी बसून जमतं. टायपिंगचा वेग कामावर आपोआप येतो.

रात्रपाळीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती काळजी असणारच. शिफ्ट किती दिवसांनी बदलते, हे तिने मुलाखतीतच विचारावं. शिवाय बॉटकडून माणसाकडे कुठल्या तक्रारी येतात? नवीन मुलांना एस्कलेशन, म्हणजे खालच्या पातळीवर न सुटलेल्या तक्रारी, कधीपासून देता? कामगिरी चॅट किती मिनिटांत संपला यावर मोजता, की तीच तक्रार पुन्हा आली नाही यावर? शेवटच्या प्रश्नावर टोलवाटोलवी झाली, तर नोकरी घ्यावी, पण दुसरीकडचे अर्ज चालूच ठेवावेत.