दोन डोळ्यांना दोन दर का?

आपले डोळे, आपले प्रश्न : वाचकांच्या पत्रांना नेत्रतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझे वडील हुपरीत चांदीकाम करतात. वय ६१. पैंजणाचे सांधे जोडणं, घुंगरं बसवणं, सगळं बारीक काम. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. चष्म्यात दोन्हीकडे सिलिंडर नंबर आहे, उजवीकडे २.०० आणि डावीकडे १.५०. कोल्हापुरात दाखवलं तर डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात टॉरिक लेन्स (म्हणजे ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायची, सिलिंडरही दुरुस्त करणारी लेन्स) सांगितली आणि डाव्यात साधी. दोन डोळ्यांचे दर अर्थातच वेगळे. गल्लीतले म्हणतात, 'ह्यो सगळा धंदा हाय. घालायची तर दोन्हीकडं घाला, न्हाईतर कुठंच नको.' तपासणीचा कागद सोबत पाठवतोय. काय करावं?
(एक वाचक, हुपरी)

उत्तर : गल्लीचा राग ओढवून घेतो, पण मला यात धंदा दिसत नाही. ज्याला धंदाच करायचा असता त्यानं दोन्ही डोळ्यांत टॉरिक गळ्यात मारली असती आणि तुम्ही ती मुकाट्यानं घेतलीही असती, कारण चष्म्यात नंबर दोन्हीकडे आहे.

कागद पाठवलात ते उत्तम केलंत. त्यावर के-१ आणि के-२ असे दोन आकडे आहेत. बहुतेक लोक लेन्सचा नंबर आणि किंमत बघतात आणि कागद पिशवीत घालतात, पण खरी गोष्ट या दोन आकड्यांतच असते. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याचा बाक एका दिशेनं किती आणि तिच्या काटकोनातल्या दिशेनं किती, हे ते आकडे सांगतात. वाटीची पाठ सगळीकडून सारखी गोल असते, चमच्याची पाठ उभी वेगळी आणि आडवी वेगळी. कॉर्निया चमच्यासारखा असला की उजेड एका बिंदूवर जमत नाही, फाकतो. हाच तो सिलिंडरचा दोष. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटलेली दिसते ती त्यामुळंच.

आता वडिलांचे आकडे बघा. उजव्या डोळ्यात ४२.०० आणि ४४.५०, म्हणजे फरक अडीचाचा. डाव्यात ४३.२५ आणि ४३.७५, फरक जेमतेम अर्ध्याचा. मग डाव्या डोळ्याच्या चष्म्यात दीड नंबर कुठून आला? तो बराचसा डोळ्याच्या आतल्या नैसर्गिक भिंगातून आलाय. मोतीबिंदू पिकताना ते भिंग सगळीकडून सारखं पिकत नाही, आणि त्याचाही सिलिंडर तयार होतो. ऑपरेशनमध्ये नेमकं तेच भिंग आम्ही काढून टाकतो. त्याच्याबरोबर त्याचा सिलिंडरही गेला. तिथं टॉरिक बसवली असती तर नसलेला दोष दुरुस्त करायला जाऊन नवा दोष घातला असता, तोही पैसे मोजून.

हा शोध काही आजचा नाही. १८०१ साली थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरनं आपल्याच डोळ्यातला असा दोष मोजला होता. दोष पुढच्या पडद्यात आहे की आत, हे बघायला त्यानं पाणी भरलेली, पुढं भिंग बसवलेली छोटी नळी डोळ्याला लावली. पाणी टेकलं की कॉर्नियाच्या बाकाचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. तरी त्याचा दोष तसाच राहिला, म्हणजे तो आतल्या भिंगाचा होता. वडिलांच्या डाव्या डोळ्याची गत साधारण तीच.

उजव्या डोळ्याचा सिलिंडर मात्र कॉर्नियाचा आहे. भिंग बदललं तरी तो तिथंच राहणार. साधी लेन्स घातली तर ऑपरेशन झकास होऊनही लांबचं धूसर दिसेल आणि सिलिंडरचा चष्मा लागेल. चष्म्यानं दिसेल, त्यात वाईट काही नाही. पण चष्मा टाळायचा असेल तर या डोळ्यात टॉरिकला अर्थ आहे.

एक शंका तुम्हाला येईलच, म्हणून आधीच सांगतो. कागदावर फरक २.५० चा आणि डॉक्टर म्हणतील दोनच्या आसपास दुरुस्त करायचाय. वर लेन्सच्या डब्यावर छापलेलं असेल ३.००. तीन आकडे बघून माणसाला वाटतं, कुणीतरी घोळ घालतंय. तसं नाही. कॉर्नियाला मागची बाजूही असते आणि पुढची बाजू उभी जास्त बाकदार असेल तर मागची त्यातला थोडा दोष खाऊन टाकते. म्हणून अडीचाचे दोन होतात. आणि लेन्स कॉर्नियापासून आत खोलवर बसते, तिथं ठेवलेल्या ३.०० चा परिणाम कॉर्नियाच्या हिशेबानं दोनाएवढाच पडतो. हा सगळा हिशेब संगणक करतो. तरी बघणारा माणूस जागा हवा, हे माझं मत.

टॉरिक लेन्सचं खरं मर्म तिच्या कोनात आहे. कुठल्या कंपनीची घेऊ, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. किती अंशावर बसवणार आणि ती खूण कशी करणार, हे मात्र कुणी विचारत नाही. ठरलेल्या कोनापासून लेन्स एक अंश सरकली की तिचा साधारण सव्वातीन टक्के उपयोग कमी होतो. १० अंश सरकली तर तिसरा हिस्सा गेला. ३० अंश सरकली तर घातली काय आणि न घातली काय, सारखंच. त्याच्या पुढं गेली तर आधीपेक्षा वाईट.

म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर झोपवण्याआधी पेशंटला स्टुलावर ताठ बसवतात. समोर भिंतीवर नजर लावायला सांगतात, डोळ्यात बधिर करणारा थेंब घालतात आणि कॉर्नियाच्या कडेला जांभळ्या शाईच्या पेननं दोन बारीक खुणा करतात. बसवूनच का? कारण माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत दोन-चार अंश गोल फिरतो, काहींचा त्याहून जास्त. झोपवून खूण केली तर सुरुवातच चुकीच्या कोनातून. काही ठिकाणी बसलेल्या पेशंटच्या डोळ्याचा फोटो घेऊन त्यातल्या रक्तवाहिन्यांवरून मशीन कोन धरतं, तेही चांगलं. लेन्सवर कडेला ठिपके असतात. ते ठिपके कॉर्नियाच्या जास्त बाकदार दिशेवर आणून ठेवायचे, की झालं. वडिलांना सांगून ठेवा, खूण करताना मान वाकडी करायची नाही. चांदीकाम करणाऱ्यांची मान कायम एका बाजूला कललेली असते, हे मी बघत आलोय!

आता तुम्ही न विचारलेली, पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. टॉरिकनं सिलिंडर जातो, सगळा चष्मा नाही. साधी टॉरिक एकाच अंतरावर नेमकं दाखवते आणि सहसा ते अंतर लांबचं ठेवतात. तसं केलं तर वडील पट्टणकोडोलीच्या रस्त्यावरची पाटी बिनचष्म्याची वाचतील आणि घुंगराचा सांधा मात्र चष्म्याशिवाय दिसणार नाही. आजवर ते चष्मा काढून जवळचं काम करत असतील तर हा बदल त्यांना फार लागेल. कारागिरांची तक्रार नेहमी हीच असते, 'लांबचं झ्याक दिसतंय, पर हातातलं कुठं गेलं?'

यावर उपाय आहे, पण तो ऑपरेशनआधी बोलावा लागतो. काम साधारण ३३ ते ४० सेंटिमीटरवर असेल तर लेन्सची पॉवरच त्या अंतराला ठेवता येते. मग काम बिनचष्म्याचं आणि मोटरसायकलला चष्मा. किंवा दोन्ही लांबचं ठेवून कामाला जवळचा चष्मा. दिवसातले दहा तास पाटावर जात असतील तर मी पहिल्याकडे झुकेन, पण निवड त्यांची. डॉक्टरांकडे जाताना हातात पैंजण धरून ते किती अंतरावर धरतात हे मोजपट्टीनं मोजून न्या. मोघम 'जवळचं' म्हणू नका.

लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल टॉरिकबद्दलही कुणीतरी सांगेल. त्या लेन्स उजेड वाटून घेतात, त्यामुळं उठाव थोडा कमी होतो आणि दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. चकाकत्या चांदीवर, दिव्याखाली, बारीक तारेचं काम करणाऱ्याला मी ती सहजासहजी सुचवणार नाही.

विम्याचं म्हणाल तर अनेक पॉलिसींत मोतीबिंदूला रकमेची मर्यादा असते आणि टॉरिकचा वरचा फरक खिशातून जातो. आधी लेखी विचारून घ्या. ऑपरेशननंतर लेन्सचा स्टिकर मागून घ्या. त्यावर नंबर असतो. शेजारी किती अंशावर बसवली ते पेननं लिहून द्यायला सांगा. पुढं कधी गरज पडली तर तो कागद सोन्याच्या मोलाचा.

प्रश्न : सासूबाईंना मोतीबिंदू आहे. शिरोळ तालुक्यात आमची शेती, आयुष्य उन्हात गेलं. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढून बुबुळावर आलंय. डॉक्टर म्हणतात, आधी ते काढू, मोतीबिंदू नंतर. दोन्ही एकदम नाही का करता येत? दोनदा ॲडमिट म्हणजे दोनदा माणूस अडकतं.
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : अडचण कळते, विशेषतः ऊसतोडीच्या दिवसांत. तरी डॉक्टरांचं ऐका. ते मांस कॉर्नियाला ओढून धरतं आणि त्याचा आकार बिघडवतं. आज मोजमाप घेतलं तर सिलिंडर भरपूर दिसेल, पण तो मांसानं घातलेला. उद्या मांस काढलं की कॉर्निया सैल होऊन वेगळाच आकार घेईल आणि आजच्या मापानं बसवलेली लेन्स चुकीची ठरेल. टॉरिक असेल तर दुप्पट चुकीची. मांस काढल्यावर निदान महिना-दोन महिने जाऊ द्या, ते मोठं असेल तर आणखी. दोन वेळा मोजून आकडे जुळले की मग मोतीबिंदू. तोवर शेतात जाताना कडेनं झाकणारा गॉगल आणि डोक्यावर पदर. ऊन आणि धूळ यांचा या मांसाशी जवळचा संबंध आहे.

मापाचाच विषय निघालाय तर, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनीही त्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, कडक प्रकारच्या असतील तर काही आठवडे. आणि डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर औषध. कोरड्या डोळ्याचं माप सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं येतं.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी. आठ दिवसांपूर्वी टॉरिक लेन्स बसवली. पहिल्या दिवशी स्वच्छ दिसत होतं, तिसऱ्या दिवसापासून टीव्हीवरची अक्षरं दुहेरी सावलीची दिसतात. लेन्स फिरली असेल का? मी डोळा चोळला नव्हता. आता काय, परत ऑपरेशन?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : फिरली असण्याची शक्यता आहे, आणि त्यात तुमचा दोष असेलच असं नाही. लेन्स फिरते ती बहुधा पहिल्या काही तासांत किंवा पहिल्या काही दिवसांत. ज्या पातळ पिशवीत ती बसवलेली असते, ती पिशवी अजून तिला घट्ट धरत नाही तोवर. ज्यांचा डोळा लांबट आहे, म्हणजे आधीपासून मोठा मायनस नंबर, त्यांच्यात जरा जास्त. काही आठवड्यांत पिशवी आक्रसून लेन्सला पकडते आणि मग ती सहसा हलत नाही. त्यामुळं ती आयुष्यभर फिरत राहील ही भीती नको.

पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच जा. थेंब घालून बाहुली मोठी करून लेन्सवरचे ठिपके किती अंशावर आहेत ते वाचायला सांगा आणि ऑपरेशनच्या कागदावरच्या कोनाशी ताडून बघायला सांगा. सोबत चष्म्याचा नंबरही काढा. ठिपके जागच्या जागी असतील तर कारण दुसरं आहे : कॉर्नियाची सूज, कोरडेपणा किंवा थोडा उरलेला नंबर. ठिपके सरकले असतील आणि नजरेला त्रास होत असेल तर लेन्स फिरवून जागेवर आणता येते. नव्यानं ऑपरेशन नव्हे, जुन्याच वाटेनं आत जाऊन ती हलवायची. साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे सोपं जातं. फार लवकर केलं तर पुन्हा फिरायची धास्ती, फार उशीर केला तर पिशवी चिकटलेली. पाच-सहा अंशांचा फरक असेल आणि दिसायला अडत नसेल तर काहीही करू नका.

प्रश्न : वडिलांचं शिबिरात मोफत ऑपरेशन झालं. आता डॉक्टर म्हणतात सिलिंडरचा चष्मा लागेल. टॉरिक घातली नाही म्हणजे आम्हाला फसवलं का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : नाही. शिबिरात बहुधा मोठ्या छेदाची, बिनटाक्याची पद्धत वापरतात. छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो, त्यानं कॉर्निया त्या दिशेनं थोडा सपाट होतो आणि थोडा सिलिंडर येतो. दृष्टी मात्र तितकीच चांगली मिळते, फक्त चष्म्यातून. घाई एकाच गोष्टीची करू नका, चष्म्याची. छेद भरेपर्यंत नंबर बदलत राहतो. महिना-दीड महिना झाल्यावर नंबर काढा आणि दुकानदाराला सांगा की सिलिंडरचा अंश चिठ्ठीप्रमाणे नेमका धरा. नवा चष्मा घातल्यावर पहिले चार दिवस जमीन कललेली वाटली तर ते चालायचंच. आठवड्यानंतरही तसंच वाटलं तर चष्मा आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन परत जा.