विट्याहून विचारणाऱ्या सिस्टरला, इंग्लंडमधून

बीएस्सी झालंय, मिरजेत खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेस, ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चाललीय, घरचेही तयार आहेत, मग यूकेला यावं का, असं विचारलंस. परीक्षा, फी हे एनएमसीच्या (इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या) साइटवर आणि व्हिसाचं ब्रिटिश सरकारच्या साइटवर नीट दिलंय, ते सोडते.

कागदांवरचं नाव मात्र आजच तपास. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, रजिस्ट्रेशनवर नवऱ्याचं, पासपोर्टवर तिसराच क्रम. तिन्ही बायका मीच, हे सिद्ध करायला अॅफिडेव्हिट, गॅझेट, परत अॅफिडेव्हिट. एका कार्यालयात फाइल न उघडताच "सोमवारी या" म्हणाले. आजही आठवलं की डोकं फिरतं. लग्न झालं म्हणून हा छळ बाईलाच का?

एकटेपणा थंडीत येतो, उन्हाळ्यात जातो. त्याला घाबरू नकोस.

तू आयसीयू की वॉर्ड एवढंच विचारलंस, कम्युनिटीचं, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन करायच्या नर्सिंगचं, नावही काढलं नाहीस, म्हणून खरं तर लिहायला बसले. मी डिस्ट्रिक्ट नर्सच्या टीममध्ये आहे. पायाची जखम महिनोन्‌महिने न भरलेल्या आजोबांकडे जाते. आधी डॉप्लर लावून पायाचा रक्तपुरवठा बघायचा, तो ठीक असेल तरच बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट बँडेज. फ्रिजमध्ये खायला आहे का, जिन्याचा कठडा हलतोय का, हेही बघायचं. टीमची प्रमुख नर्सच. पुढचं शिक्षण घेतलेली डिस्ट्रिक्ट नर्स ड्रेसिंग आणि ठरावीक औषधं स्वतः लिहून देते. बाळंतिणीकडे हेल्थ व्हिजिटर जाते, तीही मुळात नर्स किंवा मिडवाइफ.

हे करताना मला पलूसकडची एक आरोग्य सेविका आठवत राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी सांगलीत निवारा केंद्रावर होते. गरोदर मातांचं रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती आली. कुणाचे दिवस भरलेत, कुणाचं आधी सिझर झालंय, कुणाचं हिमोग्लोबिन सातवर आहे, आधी कुणाला हलवायचं, सगळं तिनं सांगितलं आणि बोटवाल्यांनी ऐकलं. पाणी ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि घरोघरी लेप्टो टाळायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, तेही तिनंच पाहिलं. नंतरच्या बैठकीत ती शेवटच्या खुर्चीवर होती, तिला कुणी काही विचारलं नाही. गावाचं आरोग्य तिच्या शब्दावर चाललं होतं, तरी सहीचा अधिकार तिला नव्हता. मला तो इथे परक्या लोकांसाठी मिळाला. याचा आनंद पुरता होत नाही, गं.

म्हणून अर्ज भरण्याआधी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागा बघ. बीएस्सीवाल्यांना उपकेंद्रावर ते पद मिळतं. कंत्राटी आहे, पैसेही इथल्यापुढे काहीच नाहीत. तरी जत-आटपाडीकडे एक वर्ष काढ. बीपी-शुगरचे पेशंट, ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका, त्यांची पोरं, हे आयसीयूत दिसत नाही. तिथेच राहावंसं वाटलं तर राहा, मला फार बरं वाटेल.

यायचंच ठरलं तर सुरुवात वॉर्डात कर, आणि कम्युनिटीची जागा निघाली की लगेच अर्ज टाक. गाडी मात्र सांगलीतच शिकून ये. घरोघर फिरायला ती लागतेच, इथली शिकवणी महाग आहे आणि आपल्या लायसन्सवर पहिलं वर्षभर चालवता येते.